स्तोत्रांतला खडक आणि पळून आलेला माणूस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्तोत्रसंहितेत देवाला पुन्हा पुन्हा खडक, गड, दुर्ग म्हटलं आहे. ते केवळ देव बलवान आणि अढळ आहे एवढं सांगण्यासाठी, की त्यामागे आणखी काही आहे? बायबलमध्ये जागोजागी येणाऱ्या गुहा आणि कपारी यांचा या प्रतिमेशी काय संबंध? मंडळीतल्या अभ्यासवर्गाची तयारी करताना हा प्रश्न पडला, आणि वर्गात नुकतंच दुःख भोगलेली माणसंही आहेत, असं तुम्ही लिहिलंत. म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

जुना करार बरीच वर्षं शिकवल्यावर माझं मत असं झालं आहे की या प्रतिमेकडे आपण चुकीच्या जागेवरून पाहतो. आपण लांब उभे राहून डोंगर बघतो आणि म्हणतो, केवढा भक्कम! स्तोत्र लिहिणारा त्या डोंगराच्या कपारीत अंग चोरून बसला आहे. त्याला घर नाही, मागे माणसं लागली आहेत, आणि पाणी कुठे मिळेल याची त्याला चिंता आहे. बायबलमधला खडक हा पळून आलेल्या माणसाचा शब्द आहे. हे धरून वाचलं की बाकीच्या बऱ्याच गोष्टी आपोआप जुळतात. आणखी एक गोष्ट दिसते, तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते: बायबल त्या माणसाला खडकात राहू देत नाही.

आधी तो प्रदेश डोळ्यांसमोर आणा. यरुशलेम समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर उंचावर आहे. तिथून पूर्वेला निघालं की सुमारे २५ किलोमीटरांत जमीन मृत समुद्रापर्यंत उतरते, आणि त्या समुद्राचा काठ आज समुद्रसपाटीच्याही ४३० मीटरहून अधिक खाली आहे. पश्चिमेकडून आलेले ढग यरुशलेमच्या डोंगरावरच रिते होतात. तिथे वर्षाला ५०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो; मृत समुद्राच्या काठी १०० मिलिमीटरही पडत नाही. घाटमाथ्यावरचा पाऊस आणि माणदेशातली कोरड ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजायला जड जाऊ नये. फक्त इथे ते सगळं एका दिवसाच्या चालीत घडतं. हा उतार म्हणजे यहूदाचं रान. उघडे फिकट डोंगर, खोल घळी, आणि क्वचित कुठे एखादं काटेरी झाड.

या खडकाचा स्वभाव आपल्या सह्याद्रीच्या खडकापेक्षा वेगळा आहे, आणि अर्थाच्या दृष्टीने तो फरक मोठा आहे. आपला बेसाल्ट ज्वालामुखीचा, काळा, घट्ट. अजिंठ्याची किंवा कार्ल्याची लेणी माणसाने छिन्नी-हातोडीने कोरली तेव्हा झाली. यहूदाचे डोंगर चुनखडीचे. पावसाचं पाणी भेगांतून मुरतं, चुनखडी हळूहळू विरघळवतं, आणि हजारो वर्षांत आत पोकळ्या आणि गुहा तयार होतात. तेच पाणी पुढे न झिरपणाऱ्या थरावर अडतं आणि डोंगराच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. मृत समुद्राच्या काठचे एन-गेदीचे झरे असेच, वर डोंगरात मुरलेल्या पावसाचे. म्हणजे ज्या खडकात लपायला जागा मिळते तोच खडक पाणीही देतो. ‘खडकातून पाणी’ हे शब्द त्या देशातल्या माणसाला चमत्कार म्हणून भिडले असतीलच, पण त्याच्या रोजच्या अनुभवाच्या अगदी बाहेरचे नव्हते.

त्या रानात खडक आणखी दोन कामं करतो. दुपारी सावली देतो. झाडं नसल्यामुळे दुसरी सावलीच नसते. आणि उंचीवर नेतो. घळीत चालणाऱ्याच्या डोक्यावर आभाळ निरभ्र असतं, पण वर यरुशलेमच्या बाजूला पाऊस झालेला असतो आणि लोंढा अचानक खाली येतो. तेव्हा उंच खडक गाठणं म्हणजे जीव वाचणं. ‘माझ्याहून उंच अशा खडकावर मला ने’ अशी प्रार्थना स्तोत्र ६१ मध्ये आहे. तिथलं ‘मला ने’ नीट ऐका. त्याला स्वतःला चढता येत नाही.

नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायात पृथ्वीवरच्या चार लहान पण शहाण्या प्राण्यांची यादी आहे. त्यांत खडकात राहणारा एक लहानसा प्राणी येतो, सशाएवढा, आखूड कानांचा. प्राणिशास्त्रात त्याला हायरॅक्स म्हणतात. एन-गेदीच्या आसपास तो आजही दिसतो. त्याच्याकडे ना शिंगं, ना बीळ खणण्याजोगी नखं. कळपातला एखादा उंचावर बसून टेहळणी करतो आणि धोका दिसताच ओरडतो. बाकीचे कपारीत शिरतात. शास्त्रकर्ता म्हणतो की हे बळ नसलेले प्राणी, तरी आपलं घर खडकात करतात. सगळ्या प्रतिमेची किल्ली मला इथे सापडते. आश्रय घेणाऱ्याकडे बळ नाही, आणि त्याला वाचवते ती खडकाला पडलेली भेग.

आता दावीद, ज्याच्या नावावर स्तोत्र १८ आहे. १ शमुवेलचे २२ ते २४ हे अध्याय एका बैठकीत वाचून काढा, मगच स्तोत्र १८ उघडा. वर्गात हे मी नेहमी करायला लावते.

शौल राजा जिवावर उठल्यावर दावीद अदुल्लामच्या गुहेत पळून जातो. तिथे त्याच्याभोवती कोण जमतात? संकटात सापडलेले, कर्जाने बुडालेले, मनाने कडू झालेले. सुमारे चारशे लोक. त्याचे आईवडील आणि भाऊही येतात. म्हातारी माणसं गुहेत कशी निभावणार, म्हणून तो त्यांना मवाबच्या राजाकडे ठेवून येतो. ‘आश्रय’ या शब्दाला इथे धूर, घाम, उपासमार आणि भांडणं चिकटलेली आहेत. आणि मग लगेच, पाचव्या वचनात, गाद संदेष्टा येऊन सांगतो: गडात राहू नकोस, यहूदा देशात जा. राजाची माणसं आहेत तिकडेच. मी बरीच प्रवचनं ऐकली. या वचनावर फारसं कोणी थांबत नाही. मला मात्र ते टाळून पुढे जाताच येत नाही.

तेविसाव्या अध्यायात मावोनच्या रानात तर खडकाचा उपयोगच होत नाही. डोंगराच्या एका अंगाने शौल, दुसऱ्या अंगाने दावीद. वेढा आवळत येतो. इतक्यात निरोप्या धावत येऊन शौलाला सांगतो की पलिष्ट्यांनी देशावर घाला घातला आहे, आणि शौल माघारी वळतो. त्या खडकाला या घटनेवरून नाव पडलं, पण दावीद वाचला तो त्या निरोपामुळे. कथाकार हे कुठेही समजावून सांगत नाही. जो लक्ष देऊन वाचेल त्याला कळतं की खडक जवळ असूनही माणूस मेला असता.

चोविसावा अध्याय एन-गेदीचा. शौल तीन हजार निवडक लोक घेऊन रानबकऱ्यांच्या कड्यांवर शोध घेत येतो. वाटेत मेंढवाड्यांजवळ एक गुहा लागते, तिथे तो एकटा शौचाला आत जातो, आणि आत खोलवर दावीद आपल्या माणसांसह दडलेला असतो. बाहेरच्या उन्हातून आलेल्याला आतलं दिसत नाही. आतल्याला सगळं दिसतं. क्षणात पारडं फिरतं. माणसं कुजबुजतात की देवाने वैरी हातात दिला. दावीद त्याच्या झग्याचा काठ तेवढा कापतो, आणि त्याचंही त्याच्या मनाला लागतं. अभ्यासवर्गात इथे जरूर थांबा. लपायला मिळालेली जागा हीच सूड घ्यायची जागा होऊ शकते. छळ सोसलेल्या माणसाच्या मनात असा अंधार असतो आणि त्यात कधी ना कधी शौल एकटा सापडतो. दावीद गुहेबाहेर येतो, मोकळ्यावर उभा राहतो आणि शौलाला हाक मारतो. त्याला खात्री नसते की पुढे काय होईल.

एवढं वाचून झाल्यावर स्तोत्र १८ घ्या, जे २ शमुवेल २२ मध्येही आहे. सुरुवातीलाच खडक, दुर्ग, ढाल, उंच बुरूज अशा नावांची रीघ लागते. आता ती पोकळ स्तुती वाटत नाही. हे सगळे प्रकार वापरून पाहिलेला माणूस बोलतो आहे. प्रत्येक कपार थोडा वेळ पुरली, मग सोडावी लागली. जे कोणत्याही एका खडकाने दिलं नाही ते देवाने दिलं, म्हणून तो देवाला खडक म्हणतो. पुढे १९ व्या वचनात तो म्हणतो की देवाने मला प्रशस्त जागी बाहेर आणलं. ‘प्रशस्त जागा’ स्तोत्र ३१ मध्येही येते, खडकाच्या पाच-सहा वचनं नंतर. आश्रयाचा शेवट कपारीत होत नाही. कपार ही वाटेवरची जागा आहे, मुक्काम मोकळ्यावर आहे.

स्तोत्र १४२ च्या मथळ्यावर ‘दावीद गुहेत असताना’ असं लिहिलेलं आहे. स्तोत्रांचे मथळे मागाहून जोडले गेले असावेत असं बरेच अभ्यासक मानतात, पण ज्यांनी जोडले त्यांना ते स्तोत्र गुहेतलं वाटलं हे महत्त्वाचं आहे. त्यात काय म्हटलं आहे? मला आश्रय उरला नाही, माझ्या जिवाची कोणाला पर्वा नाही. तूच माझा आश्रय. आणि शेवटी: माझा जीव बंदिखान्यातून बाहेर काढ. गुहेत बसलेला माणूस गुहेलाच बंदिखाना म्हणतो आहे! तिने जीव वाचवला आणि तिनेच कोंडलं. दोन्ही खरं. तुमच्या वर्गातल्या ज्या लोकांनी दुःखामुळे स्वतःला घरात मिटून घेतलं असेल त्यांना हे वचन समजावून सांगावं लागणार नाही.

आता एलीया संदेष्टा. १ राजे १८ मध्ये अहाब राजाचा कारभारी ओबद्या शंभर संदेष्ट्यांना पन्नास-पन्नास करून गुहांत लपवतो आणि भाकरपाणी पुरवतो. गुहा जिवंत ठेवते ती अशी, बाहेरून कोणीतरी जीव धोक्यात घालून डबा आणतो तेव्हा. हा ओबद्या बायबलमधल्या मोठ्या नावांत येत नाही, पण आश्रयाबद्दल शिकवताना मी त्याला वगळत नाही. पुढच्याच अध्यायात कार्मेलावर विजय मिळवलेला एलीया अहाबाची राणी ईजबेल हिच्या धमकीने पळतो, मरण मागतो, आणि शेवटी होरेबाच्या गुहेत येऊन राहतो. होरेब म्हणजे मोशेचा डोंगर. तिथे त्याला समजूत मिळेल असं आपल्याला वाटतं, मिळतो तो प्रश्न: एलीया, तू इथे काय करतोस?

मग खडक फोडणारा वारा, भूकंप, अग्नी. ज्याला तो आश्रय समजून बसला आहे तो डोंगरच तडकतो आहे. परमेश्वर त्या तिन्हींत नव्हता. नंतर अगदी हलका, शांत स्वर. तो ऐकून एलीया झग्याने तोंड झाकतो आणि गुहेच्या तोंडाशी येऊन उभा राहतो. तोच प्रश्न पुन्हा येतो. एलीया तेच उत्तर शब्दशः पुन्हा देतो. बरा झालेला नाही तो. देव त्याच्या उत्तराशी वाद घालत नाही. तो त्याला कामं सांगतो: परत जा, याचा अभिषेक कर, त्याचा अभिषेक कर, अलीशाला गाठ. आणि जाता जाता कळवतो की बआल या परक्या दैवतापुढे गुडघे न टेकलेले सात हजार आहेत, तू एकटा नाहीस. दुःखी माणसाला ‘बाहेर पड’ असं आपण ओरडून सांगतो. देवाने आधी त्याला झोपू दिलं, दोनदा खाऊ घातलं, चाळीस दिवस चालू दिलं, मग विचारलं. हा क्रम लक्षात ठेवा.

त्याच डोंगरावर मोशेचा प्रसंग निर्गम ३३ मध्ये आहे. मोशे देवाचं तेज पाहू मागतो. देव त्याला खडकाच्या भेगेत ठेवतो आणि वरून आपला हात झाकतो. यात एक विलक्षण गोष्ट आहे: मोशेला धोका कोणापासून आहे? देवाच्याच तेजापासून. आणि झाकणारा हातही देवाचाच. याच्या उलट चित्र यशयाच्या दुसऱ्या अध्यायात दिसतं. तिथे गर्विष्ठ लोक परमेश्वराच्या धाकाने खडकांच्या गुहांत, जमिनीच्या विवरांत शिरतात, सोन्यारुप्याच्या मूर्ती घुशी-वटवाघळांपुढे टाकून देतात, आणि तरी निभाव लागत नाही. होशेय त्याहून पुढे जातो: लोक डोंगरांना म्हणतील, आम्हांला झाका. येशू वधस्तंभाकडे जाताना यरुशलेमच्या स्त्रियांना हेच शब्द ऐकवतो, आणि प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात पृथ्वीचे राजे आणि सेनापती तेच ओरडतात. देवापासून लपायला खडक उपयोगी पडत नाही. देव लपवील तर भेगही पुरते. ‘देव माझा खडक’ हे विधान गोड करून सांगताना ही धार बोथट होऊ देऊ नका.

खडकावर भरवसा ठेवणाऱ्यांची कानउघाडणी ओबद्याच्या छोट्या पुस्तकात आहे (हा संदेष्टा, मघाचा कारभारी वेगळा). अदोमी लोक मृत समुद्राच्या आग्नेयेला, आजच्या जॉर्डनमधल्या तांबूस डोंगरांत राहत. पुढे कित्येक शतकांनी नबाती लोकांनी पेट्रा हे शहर खडकात कोरलं ते याच भागात. खडकांच्या कपारीत राहणाऱ्या अदोमाला वाटे, मला खाली कोण ओढणार? ओबद्या सांगतो, गरुडासारखं घरटं केलंस तरी तिथून खाली आणीन. आणि का? तर यरुशलेमवर घाला पडला त्या दिवशी अदोम बाजूला उभा राहिला, आणि फाट्यावर उभं राहून पळून जाणाऱ्यांना त्याने अडवलं. स्वतः कपारीत सुरक्षित असलेल्याने दुसऱ्याची पळवाट बंद केली. आश्रयाविषयी बायबलमधला हा फार कडक न्याय आहे, आणि तो आजही कोणाच्या सोयीचा नाही. माक्केदाच्या गुहेत लपलेल्या पाच राजांची गोष्ट यहोशवा १० मध्ये आहे, तीही अशीच: गुहेच्या तोंडावर मोठे धोंडे लोटले की आश्रयाचं थडगं होतं.

यानंतर ईयोब २४ घ्या. या विषयावर बोलताना ते बहुधा राहून जातं, आणि माझ्या मते ते राहून गेलं तर सगळं बोलणं अपुरं राहतं. ईयोब गरिबांचं वर्णन करतो: सीमेचे दगड सरकवून ज्यांची जमीन बळकावली, ज्यांच्यातल्या विधवेचा बैल गहाण म्हणून नेला, ते रानात अन्न हुडकतात, रात्री पांघरुणाशिवाय निजतात, डोंगरावरच्या पावसाने भिजतात आणि आसरा नाही म्हणून खडकाला मिठी मारतात. आठवं वचन. शब्द तेच आहेत, खडक आणि आश्रय, पण इथे खडक आसरा देत नाही. ओल्या, थंड दगडाला धरून माणूस कुडकुडतो आहे. स्तोत्रकर्त्यांचं ‘देव माझा खडक’ हे वाक्य या वचनासमोर ठेवून तपासावं लागतं. ज्याचं घर दुसऱ्याने घेतलं त्याला आपण देव खडक आहे एवढंच सांगून निघून आलो, तर दुःखी ईयोबाला नुसते उपदेश करणाऱ्या त्याच्या मित्रांच्या रांगेत आपण जाऊन बसतो.

खडकातून निघालेल्या पाण्याबद्दल थोडंच लिहिते, कारण ते बहुतेकांना माहीत असतं. निर्गम १७ मध्ये होरेबाजवळ मोशे काठी मारतो आणि पाणी निघतं. गणना २० मध्ये कादेश इथे त्याला खडकाशी बोलायला सांगितलेलं असतं, तो रागाने दोनदा मारतो, पाणी निघतं, पण वचनदत्त देशात जाणं त्याला नाकारलं जातं. स्तोत्र ९५ या प्रसंगाला एक सुंदर वळण देतं. पहिल्या वचनात देवाला तारणाचा खडक म्हणून जयघोष, आठव्यात मरीबाची, म्हणजे पाण्यावरून लोकांनी तंटा केला त्या जागेची आठवण आणि ‘आपली अंतःकरणं कठीण करू नका’. त्या कथेत कठीण कोण होतं? खडक तर फुटून पाणी देऊन मोकळा झाला. पौल १ करिंथ १० मध्ये तो खडक ख्रिस्त होता असं म्हणतो तेव्हा त्याच्याही मनात हाच इशारा आहे. त्याच परिच्छेदात तो कुरकुर आणि मूर्तिपूजेबद्दल सावध करतो.

मोशेचं गीत, अनुवाद ३२, याच्यावर एक पूर्ण संध्याकाळ द्या असं सुचवेन. देवासाठी खडक हे नाव तिथे पुन्हा पुन्हा येतं, आणि तिथला खडक जन्म देतो. ‘ज्या खडकाने तुला जन्म दिला त्याला तू विसरलास’ अशी तक्रार १८ व्या वचनात आहे. त्याआधी १३ व्या वचनात देव लोकांना खडकातला मध चोखवतो, गारेच्या खडकातून तेल देतो. चुनखडीच्या उतारावर भेगांत मुळं घालून जैतुनाची झाडं उभी राहतात, कपारींत रानमाश्या पोळी करतात. कवी उगाच शब्द जुळवत नाही. दगडासारखा निश्चल, निर्विकार देव अशी कल्पना कोणाच्या मनात असेल तर हे गीत ती मोडून काढतं. हा खडक पाजतो, वाढवतो, आणि विसरलं तर दुखावतो.

नव्या करारात येताना घाई करू नका. खडकावर आणि वाळूवर बांधलेल्या घरांचा दाखला गालीलातला आहे. तिथल्या सरोवराच्या काठचा खडक बहुतांशी बेसाल्ट, आपल्याकडच्यासारखाच काळा. कफर्णहूमच्या उत्खननात मिळालेली घरं त्याच दगडाची आहेत. लूक सांगतो की शहाण्याने खोल खणून खडकावर पाया घातला. म्हणजे खडक समोर दिसत नव्हता, तो शोधावा लागला. आणि पूर दोघांच्याही घराला आला. मत्तय १६ मधला संवाद हर्मोन डोंगराच्या पायथ्याशी, कैसरीया फिलिप्पीच्या प्रदेशातला. तिथे ‘पान’ नावाच्या ग्रीक देवाला वाहिलेली गुहा एका प्रचंड कड्यात होती, यार्देन नदीचा एक उगम तिथेच. ‘या खडकावर मी आपली मंडळी रचीन’ यातला खडक म्हणजे येशूचा शिष्य पेत्र (या नावाचा अर्थच खडक), की येशू हा ख्रिस्त आहे ही त्याची कबुली, यावर कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट मंडळ्यांत जुना मतभेद आहे, तो तुमच्या वर्गात सोडवायची गरज नाही. पण पाच वचनं पुढे वाचा: त्याच पेत्राला येशू म्हणतो, तू मला अडखळण आहेस. यशया ८:१४ मध्ये परमेश्वर स्वतः पवित्रस्थानही आहे आणि ठेच लागण्याचा दगडही आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात ही वचनं उद्धृत केली आहेत, आणि ती दोन्ही बाजूंनी स्वतःला लागू झालेला हा माणूस परंपरेने त्या पत्राचा लेखक मानला जातो.

एक वचन मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. यशया ३२ मध्ये न्यायाने चालणाऱ्या राज्याचं चित्र आहे, आणि दुसऱ्या वचनात म्हटलं आहे की प्रत्येक जण वाऱ्यापासून आसरा, वादळापासून आडोसा, कोरड्या भूमीत पाण्याचे प्रवाह, शिणलेल्या देशात मोठ्या खडकाची सावली असा होईल. इथे ही सगळी विशेषणं माणसाला लावली आहेत. स्तोत्रांत ती देवाची होती. (यशयाची पूर्ण अशी सर्वांत जुनी हस्तलिखित गुंडाळी, इसवी सनापूर्वीची, १९४७ च्या सुमारास मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहेतच सापडली. म्हणजे हे वचनही दोन हजार वर्षं खडकाच्या आश्रयाला होतं. शिकवताना मला या गोष्टीचा मनापासून आनंद होतो.) संदेष्टा फक्त राजांबद्दल बोलतो की सर्वांबद्दल, यावर मतं आहेत, आधीच्या वचनात राजा आणि अधिपती आहेत, तेव्हा निदान ज्यांच्या हाती सत्ता आहे त्यांना तरी हे लागू आहेच. ईयोबाच्या चोविसाव्या अध्यायातला भिजणारा माणूस आणि हे वचन एकाच दिवशी वाचायला लावा. ज्याने सीमेचा दगड सरकवला त्याच्याऐवजी सावली देणारा मनुष्य हवा, हे मग सांगावं लागत नाही.

तुमच्या वर्गाबद्दल. तीन बैठका असतील तर पहिलीत १ शमुवेल २२ ते २४ आणि स्तोत्र १४२. दुसरीत एलीया, निर्गम ३३ आणि यशया २. तिसरीत ईयोब २४ आणि यशया ३२. नव्या करारासाठी वेगळा वेळ ठेवा. लोकांना नकाशा दाखवा, एन-गेदीचे फोटो दाखवा. हिरवळीने झाकलेला डोंगर डोळ्यांसमोर असेल तर ही स्तोत्रं मऊ पडतात. ‘तुमचा खडक कोणता’ असा प्रश्न सुरुवातीलाच विचारू नका, त्याला सगळे पाठ केलेलं उत्तर देतात. त्याऐवजी विचारा की तुम्हांला कधी कुठून तरी पळावं लागलं का, आणि तेव्हा कोणी दार उघडलं. उत्तर द्यायची सक्ती करू नका. वर्गात स्थलांतर करून आलेली, घरातून हाकललेली, कर्जामुळे गाव सोडलेली माणसं असतील तर दावीदाच्या चारशेंपैकी काही जण तिथे बसलेलेच असतात.

दुःखात असलेल्यांसाठी एकच स्तोत्र निवडायचं तर मी स्तोत्र ३१ निवडते. त्यात स्तोत्रकर्ता देवाला म्हणतो, माझा खडक हो. आणि पुढच्याच श्वासात म्हणतो, कारण तू माझा खडक आहेस. आहेस, तरी हो. विश्वास आणि धाप दोन्ही त्यात आहेत. पाचवं वचन येशूने वधस्तंभावर उच्चारलं. कधी कधी हे स्तोत्र वाचताना नववं ते तेरावं वचन गाळलं जातं, कारण त्यात खेदाने क्षीण झालेले डोळे आहेत, ओळखीचे लोक रस्त्यात पाहून दूर पळतात, आणि माणूस स्वतःला फुटक्या भांड्यासारखा म्हणतो. ती वचनं गाळू नका. शक्य असेल तर ती सावकाश, एकेक करून, वेगवेगळ्या लोकांकडून वाचून घ्या, आणि नंतर स्पष्टीकरण द्यायच्या आधी थोडा वेळ जाऊ द्या.